अर्धा किलो पारा

"येताना अर्धा किलो पारा घेऊन ये."

कुंभकोणमहून मामाआजोबांचा फोन. मी चिवडा, बाकरवडी, भाजणीचं पीठ अशी यादी घेऊन तयार होते. दर वेळी तेच मागतात. या वेळी पारा! मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. "पारा गं, पारा. थर्मामीटरमध्ये असतो तो. पुण्यात सगळं मिळतं म्हणतेस ना?"

मामाआजोबा म्हणजे माझ्या आईचे मामा. वय ८४. कुंभकोणममध्ये आपली मराठी माणसं कशी, असं मला ऑफिसात नेहमी विचारतात, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. कुंभकोणमपासून तंजावर साधारण ४० किलोमीटर. तिथे भोसल्यांचं राज्य होतं आणि त्या राज्याबरोबर गेलेली मराठी घरं पुढे कावेरीकाठीच राहिली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरला, तो आजही आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हेही कुंभकोणमचेच, जन्म १८२८. आमचं घर मात्र दिवाणांचं नाही, मास्तरांचं. मामाआजोबांचे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. घरातली मराठी तमिळमध्ये चांगली मुरलेली, डिग्री कॉफीत दूध मुरावं तशी.

आणि त्या मास्तरांनी मागे ठेवलेली एकच मौल्यवान वस्तू म्हणजे मधल्या खोलीच्या भिंतीवरचा बॅरोमीटर.

काठीसारखा लांब

एका जुन्या प्रयोगशाळेच्या लिलावात त्यांनी तो घेतला होता. काळपट लाकडाची, जवळजवळ माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढी लांब पेटी. तिच्यात काचेची नळी, वर पितळेची पट्टी आणि पट्टीवर आकडे. खाली लाकडाची छोटी वाटी, जिला चामड्याचा तळ आहे.

हे यंत्र चालतं कसं, ते सोपं आहे. एका बाजूने बंद असलेली नळी पाऱ्याने काठोकाठ भरायची आणि पाऱ्याच्याच वाटीत उलटी उभी करायची. पारा थोडा खाली उतरतो आणि थांबतो. वाटीतल्या पाऱ्यावर बाहेरची हवा दाब देत असते, तोच त्याला नळीत धरून ठेवतो. समुद्रसपाटीला ही उंची साधारण ७६० मिलिमीटर भरते. हवेचा दाब वाढला की पारा चढतो, वादळ जवळ आलं की उतरतो. इटलीच्या टॉरिसेलीने १६४३ साली हे दाखवलं. पाराच का? तो पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड आहे म्हणून. पाण्याचा बॅरोमीटर करायचा तर नळी दहा मीटरहून उंच लागेल, म्हणजे तीन मजली घर हवं.

आमचे मास्तर रोज सकाळी दहा आणि दुपारी चार वाजता त्याचा आकडा वहीत लिहीत. दहा आणि चारच का? आपल्याकडच्या उष्ण प्रदेशात हवेच्या दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. रात्री पुन्हा तेच. मास्तरांना ती लाट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. १९५२ च्या नोव्हेंबरअखेर नागपट्टिणमजवळ मोठं चक्रीवादळ धडकलं, त्या दिवसाचं पान मामाआजोबांनी मला लहानपणी दाखवलं होतं. नेहमीच्या दोन नोंदी सोडून त्या दिवशी तासातासाला नोंद आहे आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा खाली.

मास्तर गेले, पुढे मामाआजोबांनी वही चालू ठेवली. मग हळूहळू पारा कमी होत गेला. २०१८ साली नोव्हेंबरात गजा वादळ आलं, जिल्ह्यातली नारळाची झाडं आडवी झाली, तेव्हा बॅरोमीटर काहीच सांगत नव्हता. "एवढं मोठं वादळ, आणि हा मुका," असं ते तेव्हापासून म्हणतात. आता त्यांना तो दुरुस्त करायचा होता. पितळेचा हरवलेला स्क्रू जवळच्या नाचियारकोविलच्या कारागिराकडून करून घेतला होता. हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. लाकडाला पॉलिश झालं होतं. राहिला होता फक्त पारा.

पुण्यात सगळं मिळतं?

मी कामाला लागले. आधी केमिकलच्या दुकानात फोन केला. त्यांनी विचारलं, "कुठली संस्था? लेटरहेडवर पत्र आहे का? कशासाठी हवाय?" मी म्हटलं, मामाआजोबांच्या बॅरोमीटरसाठी. पलीकडे दोन क्षण शांतता. मग, "मॅडम, घरगुती वापरासाठी आम्ही देत नाही."

कुरिअरवाल्यांनी नाव ऐकूनच नकार दिला. विमानाने न्यायचा प्रश्नच नव्हता. पारा ॲल्युमिनियमशी मिसळून त्याला आतून पोखरतो आणि विमानाचं अंग बहुतांशी ॲल्युमिनियमचं असतं. म्हणून प्रवाशाच्या सामानात पाऱ्याचा बॅरोमीटर नेण्याची सूट फक्त सरकारी हवामान खात्यांच्या माणसांना, तीही नीट बंद केलेल्या डब्यात आणि हातातल्या बॅगेत.

मग एका मित्राने डोकं चालवलं. "जुने थर्मामीटर फोडू!" हिशेब केला. तापाच्या एका थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. म्हणजे अर्ध्या किलोसाठी पाचशे ते हजार थर्मामीटर फोडावे लागतील, बंद खोलीत, आपल्याच नाकासमोर. दुसऱ्याने पूजासाहित्याच्या दुकानातलं पारद शिवलिंग सुचवलं. मी त्याच्याकडे फक्त बघितलं.

मजेची गोष्ट अशी की अर्धा किलो पारा दिसायला काहीच नसतो. ३७ मिलिलिटर. आमटीच्या मोठ्या चमच्याने अडीच चमचे. एवढ्याशा वस्तूसाठी सगळे एवढे का घाबरतात, असा प्रश्न मला पडला. बी.ए. इंग्रजी केलेल्या माणसाची रसायनशास्त्राशी शेवटची भेट दहावीत झालेली असते. म्हणून वाचायला बसले आणि रात्री एकपर्यंत उठले नाही.

चांदीसारखा, पण

पारा गिळला तर तो शरीरात फारसा शोषला जात नाही, तसाच बाहेर पडतो. म्हणून जुनी माणसं म्हणतात, "आम्ही लहानपणी हातावर घेऊन खेळायचो, काय झालं?" खरा धोका त्याच्या वाफेचा. पारा साध्या खोलीच्या तापमानालाच हळूहळू उडत असतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. श्वासातून गेलेल्या वाफेचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात जातो. तिथून मेंदू, मज्जातंतू, मूत्रपिंड. गरोदर बाईच्या शरीरातून तो पोटातल्या बाळापर्यंतही पोहोचतो.

२० अंश तापमानाला बंद खोलीत हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये १३-१४ मिलिग्रॅमपर्यंत पाऱ्याची वाफ मावू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षाच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा १ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे तेरा हजार पटींहून जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही क्षमता साधारण दुप्पट होते. कुंभकोणमचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको.

युरोपात फेल्टच्या हॅट बनवताना पूर्वी पाऱ्याचं संयुग वापरत. त्या कारागिरांचे हात थरथरायचे, स्वभाव चिडका व्हायचा, बोलणं अडखळायचं. जपानच्या मिनामाता गावात एका रासायनिक कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी खाडीत गेलं, माशांत गेलं आणि माशांतून माणसांत. १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. आधी गावातली मांजरं वेड्यासारखी नाचून मेली होती.

त्याच गावाचं नाव घेऊन २०१३ साली पाऱ्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला, मिनामाता करार. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर, रक्तदाबाची यंत्रं, बॅरोमीटर यांचं नवं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायची, हा त्यातला एक भाग. युरोपीय संघाने त्याआधीच, २००७ मध्ये, पाऱ्याची नवी मोजमापाची उपकरणं लोकांना विकायला बंदी घातली. मात्र ३ ऑक्टोबर २००७ रोजी ५० वर्षांहून जुनी असलेली उपकरणं त्यातून वगळली. म्हणजे जुन्या वस्तूंचा विचार कायदा करणाऱ्यांनीही केला होता. पण जुनं उपकरण विकता येणं वेगळं आणि ते घरात बसून पाऱ्याने भरणं वेगळं.

आणि आपल्या जवळची गोष्ट. तमिळनाडूतच, कोडाईकनालला, थर्मामीटरचा कारखाना होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाऊनमधला कारखाना बंद झाल्यावर त्याची यंत्रं १९८० च्या दशकात इकडे आली. पुढे तो हिंदुस्तान युनिलिव्हरकडे आला. २००१ साली गावातल्या भंगाराच्या दुकानात पारा लागलेल्या काचेचे ढीग सापडले. लोक रस्त्यावर आले आणि कारखाना बंद झाला. २००३ मध्ये पाऱ्याचा जवळजवळ २९० टन कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवला गेला. कामगारांच्या आरोग्यावर परिणाम झाला नाही, ही कंपनीची भूमिका होती. कामगार मात्र पंधरा वर्षं लढत राहिले आणि २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीने समझोता केला. २०१५ मध्ये या विषयावरचं एक रॅप गाणं तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर आलं असेल.

आपण तापात काखेत धरायचो ते थर्मामीटर कोणीतरी भरलेले असायचे, हे मला त्या रात्रीपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

फक्त पाराच नाही

वाचता वाचता कळलं की जुनी उपकरणं दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या वाटेत असे बरेच दगड आहेत. पितळेवर चकाकीचा थर द्यायचा तर लाख विरघळवायला स्पिरिट लागतं आणि औद्योगिक स्पिरिटवर सरकारचं बारीक लक्ष असतं. ते का, हे तमिळनाडूत कुणाला समजवावं लागत नाही. जून २०२४ मध्ये कळ्ळकुरिचीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन साठहून जास्त माणसं गेली. धातू साफ करायला तीव्र आम्ल हवं, तर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दुकानदाराला ओळखपत्र बघून वहीत नोंद करावी लागते. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी या मुलीच्या याचिकेमुळे हा नियम आला. सोन्याचा मुलामा देण्याच्या जुन्या पद्धतीत सायनाइड लागायचं. प्रत्येक बंधनामागे अशी कुणाची तरी कहाणी उभी आहे.

अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांचंही तसंच. जुन्या लष्करी होकायंत्रांवर आणि घड्याळांवर रेडियमचा रंग असे. आता तो चमकत नाही, म्हणून लोकांना वाटतं संपला. चमक गेली कारण रंगातलं दुसरं रसायन थकलं. रेडियम तसंच आहे, कारण ते निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. अशी तबकडी खरवडायची नाही, उघडायचीही नाही.

आणि दिल्लीचं मायापुरी आठवतं? २०१० साली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, अनेक वर्षं पडून असलेलं एक उपकरण लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. अनेक जण आजारी पडले, एकाचा जीव गेला. लिलावातलं जुनं उपकरण म्हणजे फक्त पितळ आणि काच नसते, हे तेव्हा सगळ्या देशाला कळलं.

मग तो पारा गेला कुठे?

एवढं सगळं वाचून मी रिकाम्या हाताने, म्हणजे बाकरवडी घेऊन, कुंभकोणमला पोहोचले. चेन्नईहून रेल्वेने. मामाआजोबा तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओट्यावर, वाट बघत बसले होते. पहिला प्रश्न, "आणलास?"

मी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला. "एवढीशी वस्तू," म्हणाले आणि आत गेले.

घरात त्यांची नात होती, माझी ताई. सातवा महिना. बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची खाट कुठे घातली होती? मधल्या खोलीत, बॅरोमीटरखालीच, कारण ती खोली सगळ्यात थंड.

रात्री जेवताना मला एकदम तो प्रश्न पडला जो इतके दिवस पडायला हवा होता. मी पुण्यात नवा पारा शोधत फिरत होते. पण जुना पारा कुठे गेला? नळीतून तो कमी कमी होत गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. "उडाला असेल," मामी म्हणाल्या. "सुकला असेल," मामा म्हणाले. वाटीचा चामड्याचा तळ वर्षानुवर्षं वाळतो, चिरतो आणि पारा थेंब थेंब बाहेर येतो, हे मी नुकतंच वाचलं होतं. जुन्या बॅरोमीटरचं हे नेहमीचं दुखणं आहे.

मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि जमिनीवर आडवा धरला. लाल सिमेंटची जुनी जमीन, भिंतीकडेला चिरा. त्या चिरेत काहीतरी चमकलं. मग आणखी एक. मोहरीएवढे, त्याहून बारीक गोळे. रांगेत, मुंग्यांसारखे.

कुणी काही बोललं नाही. ताईने फक्त पोटावर हात ठेवला.

त्याच रात्री तिला शेजारच्या गल्लीत आत्याकडे हलवलं. खोलीचं घरातलं दार बंद करून फटीला ओला टॉवेल लावला, बाहेरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या. मामी सवयीने केरसुणी आणायला निघाल्या, त्यांना थांबवलं. सकाळी ओळखीच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावलं. ते मास्क, हातमोजे, ड्रॉपर आणि गंधकाची पूड घेऊन आले, दोन विद्यार्थ्यांसह. कोनाड्यातल्या जुन्या काचेच्या बाटलीत आणखी पारा निघाला. मास्तरांनी कधीतरी भरून ठेवलेला, झाकण सैल. चिरा साफ करायला दोन दिवस लागले, मग त्या सिमेंटने बुजवल्या. निघालेला सगळा पारा जाड बाटलीत, वर घट्ट झाकण, बाहेर दुसरा डबा असा बंद करून प्राध्यापकांनी रीतसर लिहून घेऊन प्रयोगशाळेत नेला.

ताईची आणि मामाआजोबांची तपासणी डॉक्टरांनी सांगितली तशी केली. दोघांचे अहवाल ठीक आले. ते येईपर्यंतचे चार दिवस मात्र घरात कुणाच्या घशाखाली नीट घास उतरला नाही.

मुका बॅरोमीटर

मामाआजोबा त्या चार दिवसांत फारसे बोलले नाहीत. पाचव्या दिवशी कॉफीचा डबरा हातात धरून म्हणाले, "माझे वडील त्या खोलीत झोपायचे. मी झोपलो. कुणी सांगितलं नाही."

मी म्हटलं, "तेव्हा फार कमी लोकांना माहीत होतं."

"हो. पण आता तू म्हणशील, याला फेकून द्या."

मी तसं म्हणणार नव्हते. प्राध्यापकांनाही मी तेच विचारलं होतं. त्यांनी सांगितलं ते मला पटलं. संग्रहालयात जुनी उपकरणं सांभाळणारे लोक प्रत्येक वस्तू चालती करायच्या मागे लागत नाहीत. आहे ते आणखी बिघडू नये, नवं काही केलंच तर ते पुढे काढता यावं आणि काय केलं त्याची नोंद राहावी, हे ते आधी बघतात. बॅरोमीटर पुन्हा भरायचा म्हणजे अत्यंत शुद्ध पारा, नळीतल्या हवेचा शेवटचा बुडबुडा काढणं, नवं चामडं. हे काम करणारी माणसं त्यासाठी वेगळी, हवेशीर, खास जागा वापरतात. मधली खोली ती जागा नाही.

मामाआजोबांनी तंजावरच्या सरफोजीराजांचं उदाहरण काढलं. हे दुसरे सरफोजी, राज्यकाळ १७९८ ते १८३२. त्यांनी दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, विजेचं यंत्र, हवेचा पंप असं काय काय परदेशातून मागवलं होतं. १८२६ साली बिशप हेबर त्यांना भेटला, तेव्हा लाव्हाझिए आणि लिनियस यांच्याबद्दलचं राजाचं बोलणं ऐकून चकित झाला. "राजाने यंत्रं मागवली ती वापरायला," मामाआजोबा म्हणाले, "कपाटात ठेवायला नाही."

त्यांचं चूक नव्हतं. मला उत्तर सुचेना. मग ताईच म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पारा हवाय की आकडा?"

ते गप्प झाले.

आकडा माझ्या खिशातच होता. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. माझ्या फोनमध्येही आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. बॅरोमीटरचं ॲप घेतलं आणि मामाआजोबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला, आकडा बघितला. विश्वास बसला नाही. मी त्यांना म्हटलं, फोन घेऊन मी गच्चीवर जाते, तुम्ही आधी खालचा आकडा लिहून ठेवा. साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. दोन जिने चढून गेले आणि वरून ओरडून आकडा सांगितला. खालून आवाज आला, "उतरला! उतरला!"

तुमच्या फोनमध्ये सेन्सर असेल तर तुम्हीही करून बघा. इमारतीच्या लिफ्टमध्ये मुलांना घेऊन करा, त्यांना फार आवडतं.

आता बॅरोमीटर त्याच भिंतीवर आहे. नळी रिकामी, वाटी साफ केलेली, पितळी पट्टी चकाकणारी. खाली मामाच्या हस्ताक्षरात एक कार्ड लावलंय, मराठीत आणि तमिळमध्ये: पारा काढला आहे, कुणी, कधी. शेजारी कोनाड्यात मामाआजोबांसाठी घेतलेला जुना सेकंडहँड फोन, चार्जरला लावलेला. आणि वही.

तुमच्या घरात बघा

निवृत्त डॉक्टर, शिक्षक, रेल्वे किंवा जहाजावरची माणसं, कुणाच्याही घरच्या जुन्या पेटीत अशा गोष्टी असू शकतात. डॉक्टरांच्या जुन्या रक्तदाब यंत्रात १०० ग्रॅमच्या आसपास पारा असतो. काही गोष्टी लक्षात ठेवा:

• पाऱ्याचा जुना बॅरोमीटर झटक्याने आडवा किंवा उलटा करू नका. वाटी गळत असेल तर हलवूच नका, जाणकाराला बोलवा.

• एखादा थर्मामीटर फुटला तर मुलं, गरोदर बायका आणि पाळीव प्राणी यांना आधी बाहेर काढा. खोलीच्या बाहेरच्या खिडक्या उघडा, घरात जाणारं दार लावा, पंखा आणि एसी बंद ठेवा.

• केरसुणी आणि व्हॅक्युम क्लीनर अजिबात नको. केरसुणीने गोळ्यांचे आणखी बारीक गोळे होतात, व्हॅक्युम क्लीनर वाफ घरभर पसरवतो.

• हातातलं सोनं काढून ठेवा, पारा सोन्याला चिकटतो. हातमोजे घाला. जाड कागदाने गोळे एकत्र करा, ड्रॉपरने उचला, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. राहिलेले कण टॉर्च आडवा धरून शोधा.

• पारा सिंकमध्ये, संडासात किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नका. पारा लागलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. फुटलेला थर्मामीटर हा घरगुती धोकादायक कचरा आहे, असं २०१६ च्या घनकचरा नियमांतच म्हटलं होतं. तो वेगळा बांधून पालिकेच्या माणसांना सांगून द्या.

• थर्मामीटरपेक्षा जास्त पारा सांडला असेल तर स्वतः साफ करू नका. खोली बंद करा, बाहेर या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, अग्निशमन दल किंवा जवळच्या कॉलेजचा रसायनशास्त्र विभाग यांना विचारा.

• आणि जुनी वस्तू भंगारात देण्याआधी, ती कशासाठी होती आणि आत काय आहे, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

ताईला मुलगी झाली. बारशाचा फोटो आला, त्याच्यासोबत वहीच्या पानाचाही फोटो मामांनी पाठवला. तारखेसमोर सकाळी दहाचा आकडा आणि दुपारी चारचा. चारचा थोडा खाली. पुढे शेऱ्याच्या रकान्यात मामाआजोबांच्या थरथरत्या अक्षरात: "आज बारसं. आभाळ स्वच्छ."